ठमाबाईची उतरती हाळी

आमच्या भोरकड्याला धड वाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. दरीत सात वाड्या, आणि वर सुळक्यावर उभं राहून त्यांना हाळी देणारी एकच बाई, ठमाबाई. शब्द वाऱ्यावर फाटून जायचे, खाली पोचायचा तो नुसता सूर. सूर चढत गेला की लग्न नाहीतर बारसं. उतरत गेला की मयत. मयताची हाळी आली की घरटी एक माणूस तिरडीचा बांबू नाहीतर सुंभ घेऊन वर चढायचा. कोण गेलं ते वर पोचल्यावरच विचारायचं, असा रिवाज.

ठमाबाईला धाकलू एकुलता एक. त्याचं लग्न निघालं. नवरदेव वऱ्हाड घेऊन कड्याच्या वाटेनं पुढं गेला, आई वाड्यांना बोलवायला मागं राहिली. हिरवं लुगडं नेसून सुळक्यावर चढली आणि ओरडली, "या होऽऽ, वऱ्हाड निघालंऽऽ!"

आणि काय सांगू, सूर उतरला! मयताचा सूर! तिनं स्वतःचाच गळा दाबून धरला. पुन्हा हाळी दिली, पुन्हा उतरली. तिसऱ्यांदाही तेच. ओठांवर लग्न होतं आणि गळ्यात मढं, असं म्हणतात. खाली वाड्यांत बायकांनी चुली विझवल्या.

घटकाभरात सगळी माणसं बांबू-सुंभ घेऊन वर. "कोण गेलं?" थोरला दीर बाळोजी तर पिसाळलाच. "अगं ए ठमे, पोटच्या पोराच्या लग्नात मढ्याची हाळी? जीभ झडली का तुझी!"

"जिभेनं बरोबरच सांगितलं, भावोजी," ती म्हणाली. "गळा ऐकंना. पाया पडते, वऱ्हाडामागं धावा!"

धावले हो! चिंचेच्या वळणापलीकडं बघतात तर वाटच नाही. अख्खी वाट दरीत! खाली हातभर कपारीवर वऱ्हाड चिकटून उभं, आणि बाशिंग बांधलेला धाकलू एका मुळाला लोंबकळतोय. घरी जाऊन दोर आणायला वेळ कुठला? तिरडीचे बांबू आडवे टाकले, सुंभ सोडलं, आणि बावीसच्या बावीस माणसं वर ओढली. एक दगावलं नाही.

पण ठमाबाईचा सूर गेला तो गेलाच. बोलायची, पण सगळं सपाट. हाक मारतेय की रागावतेय, काही कळायचं नाही. धाकलू घाबरून विचारायचा, "आये, चिडलीस का गं?" ती म्हणायची, "नाय रे लेकरा." तेही सपाटच. लेकावरून तिनं आपला सूर ओवाळून टाकला, असं म्हणतात.

आजही भोरकड्याच्या वऱ्हाडापुढं आधी दोन बांबू आणि सुंभाचं वेटोळं चालतं, वाजंत्री मागून. पाहुणे तोंडात बोट घालतात, "अहो, हे काय अभद्र!" घालू द्या. नवरदेवाची आई सुळक्यावर चढते आणि ठमाबाईची हाळी देते, तशीच उतरती. मग सातही वाड्या खालून चढत्या सुरात ओरडतात, "आलो गं आयेऽऽ!" तेव्हा कुठं वऱ्हाड पाऊल उचलतं.