तळ्यातली एकच होडी

त्या प्रदेशात तळे एकच होते आणि तळ्यात होडीही एकच होती. धुके मात्र हवे तेवढे होते. ते पहाटे डोंगरावरून उतरे आणि दिवस मावळेपर्यंत पाण्यावर लोळत पडे. त्यामुळे एका घाटावरच्याला शेजारचा घाट क्वचितच दिसे, आणि कुणी हाक मारली तर ती थोडी दूर जाऊन धुक्यातच विरघळून जाई.

सावेरी ही पाणमांजराची पोर दूरदेशी शिकून परत निघाली, तेव्हा तिने मनाशी एक चित्र रंगवले होते. ती जिथे शिकली तिथे प्रत्येक घराला स्वतःची होडी होती आणि प्रत्येक होडीला स्वतःचा नावाडी. घरधनी म्हणेल तितका वेळ तो दाराशी उभा राही. एखादा तर अख्खा हंगाम उभा राही, आणि त्याबद्दल त्याला मान मिळे. आपल्या तळ्यावरही एव्हाना असेच झाले असेल, घाटाघाटाला होड्या डुलत असतील, असे तिला वाटले होते.

प्रत्यक्षात तिला दिसली ती तीच जुनी, डांबर फासलेली होडी, आणि तिच्यात वल्हे धरून बसलेला तिचा तोच मामा, रावजीमामा. मामा घाटाला होडी टेकवी, "आलं?" एवढेच विचारी, आणि "नाही" ऐकले की वल्हे मारून पुढच्या घाटाकडे निघे. समोरचा दुसरे वाक्य बोलेपर्यंत होडी धुक्यात शिरलेली असे.

कारण त्या तळ्यावर प्रत्येक जण कशाची ना कशाची वाट पाहत होता. सशाला डोंगरावरून बियाणे यायचे होते. खारीला तिच्या लेकीचा निरोप हवा होता. ज्याचे आले त्याचे काम होडी करी: कुणाचे पोते पलीकडे ने, कुणाचा निखारा अलीकडे आण. पण होडी केव्हा येईल हे धुक्यात कुणालाच कळत नसे, आणि आल्यावर ती थांबत नसे. म्हणून सगळे आपापल्या घाटाच्या पायरीवर दिवसभर बसून राहत. सशाच्या शेतात तण कंबरेपर्यंत आले होते, तरी ससा पायरीवरच.

"मामा, मागच्या घाटावरच्या अनसाबाई काहीतरी सांगत होत्या," सावेरी एकदा होडीतून म्हणाली.

"असतील."

"ऐकून तरी घ्यायचं!"

"ती रोज सांगते. ऐकत बसलो तर तिथंच संसार थाटावा लागेल."

"पण थांबायचं का नाही?"

रावजीमामाने वल्हे पाण्यात तसेच धरले आणि थोडा विचार केला. "मला काय ठाऊक? माझा मामा म्हणाला, थांबू नकोस. मी थांबलो नाही. तू शिकून आलीस, तूच सांग."

सावेरीला ते उत्तर फार लागले. घाटाघाटावर इतकी दुःखे बसलेली असताना त्यांच्यासमोरून नुसते सरकत जायचे, याला ती मनात निर्दयपणा म्हणू लागली. प्रत्येक घराला होडी द्यावी, हे तिने बोलूनही पाहिले. पण काठावर झाडे थोडीच होती आणि त्यांच्या मुळांनीच काठ धरून ठेवला होता. मग तिने ठरवले, होडी एकच असेना का, तिच्यात माया तर भरता येईल.

संधी लवकरच आली. मामाचा खांदा धरला आणि त्याने वल्हे तिच्या हाती दिले.

त्या सकाळी तिने आधी पलीकडच्या भट्टीवरून निखारे घेतले आणि ती गोदीच्या घाटाला लागली. गोदी उंदरीण नुकतीच बाळंत झाली होती. तिची पिल्ले अजून उघडी, गुलाबी होती. अंगावर लव नव्हती, त्यामुळे त्या गारठ्यात त्यांचा सगळा जीव एका मातीच्या शेगडीवर होता. पायरीशेजारच्या कमळाच्या पानावर दाजिबा बेडूक बसला होता.

"आल्या का विदुषी!" दाजिबा म्हणाला. "आता होडीत वल्हं चालणार की व्याख्यान?"

"तुम्ही आधी पानावरून उतरा, बुडतंय ते," सावेरी म्हणाली, आणि गोदी खुदकन हसली. हसता हसता तिने शेगडीत निखारे मांडले.

"हे दुपारपर्यंत पुरतात गं. मामा दुपारी फेरीत आणून देत होते. विसरशील नाही ना?"

"विसरेन कशी?" सावेरी म्हणाली. तिने सगळ्यात लहान पिल्लाला बोटाने हळूच शिवून पाहिले. ते बोटाएवढेच होते.

पुढच्या वळणावर अनसाबाई साळूचा घाट होता. अनसाबाई सर्वांत जुनी वाट पाहणारी. तिची पायरी बसून बसून मध्ये खोलगट झाली होती.

"आलं का हो?" सावेरीने विचारले.

"नाही बाई," अनसाबाई म्हणाली, आणि होडी आता निघणार म्हणून तिने सवयीने मान खाली घातली.

पण सावेरीने दोरी काढली, खुंटाला बांधली आणि ती पायरीवर चढली. "आज मी जात नाही. तुमचं येईपर्यंत इथंच बसते."

अनसाबाई लगबगीने सरकली. "इकडून बस, इकडून. तिकडं बसलीस तर अंगातले काटे काढत बसशील."

आणि अनसाबाई बोलू लागली. तिची लेक डोंगरापलीकडे गेली होती, भांडून. लेकीने अंगणात कवठाचे रोप लावले होते. अनसाबाई म्हणाली, रोपं काय लावतेस, एका सकाळी भूक लागली तर मुळं कुरतडून टाकीन. तिने ते गमतीत म्हटले होते. लेकीने गमतीत घेतले नाही. जाताना एवढेच म्हणाली, कुठं टेकले की खूण म्हणून वाळका भोपळा ओढ्यात सोडीन. ओढा अनसाबाईच्या घराच्या कडेने उतरून तळ्याला मिळत होता. भोपळा आला की होडीने उलट निरोप पलीकडे न्यायचा, मग तिथून तो डोंगरवाटेने जाणार.

धुके पायरीपर्यंत आले आणि दोघींच्या पायांवर बसले. ओढ्याचे पाणी बोलत होते. लेक लहानपणी कशी उलटी चालायची, पहिला काटा फुटला तेव्हा कशी रडली, सगळे अनसाबाईने सांगितले. सावेरीच्या डोळ्यांना पाणी आले. इतक्या दूर जाऊन आपण जे शिकलो ते याच पायरीसाठी शिकलो, असे तिला वाटले. धुक्यात काळ कळत नव्हता. मधूनच कुठून तरी बारीक आवाज येत होते. पाणकोंबड्या असाव्यात, असे तिने धरले. भोपळा आला नाही.

मग पायरीखालचे पाणी डुचमळले आणि दाजिबाचे डोके वर आले.

"गप्पा झाल्या असतील," दाजिबा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात या वेळी टवाळी नव्हती, "तर गोदीची शेगडी विझली आहे."

सावेरी ताडकन उठली. "कधी?"

"मघाच. सगळे घाट ओरडतायत. ससा ओरडला, खार ओरडली, माझा तर घसा बसला. मी पडलो बेडूक, निखारा तोंडात धरून पोहता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो!"

खुंटाची गाठ तिला सुटेना. ती दातांनी तोडावी लागली.

भट्टीवर जाऊन गोदीच्या घाटाला परत येईपर्यंत उजेड राखाडी होऊ लागला होता. शेगडी काळी पडली होती. गोदी पिल्लांभोवती वळसा घालून पडली होती आणि तिच्या पाठीवर शेजारपाजारच्या उंदरांनी मिळेल ते गवत रचले होते. निखारे फुलले तशी पिल्ले एक एक करून हलू लागली. बोटाएवढे पिल्लू हलले नाही. सावेरीने ते आपल्या छातीशी धरले, पण तिची लव दिवसभर धुक्यात भिजली होती. गोदीने ते काढून घेतले.

"ओलं करशील त्याला."

"मी अनसाबाईंजवळ बसले होते," सावेरी म्हणाली. "त्यांना कुणी नव्हतं गं."

"तू बसलीस ते चांगलंच केलंस," गोदी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "फक्त होडी घेऊन बसलीस."

"मी आता थांबते इथं. ते दूध पिईपर्यंत."

"थांबून काय करशील? तू निखारा आहेस का?"

सावेरी परत निघाली तेव्हा वाटेतल्या प्रत्येक घाटावर कुणी ना कुणी बसलेले होते. ससा होता, खार होती. कुणी तिला बोल लावला नाही. सकाळी ती निघाली तेव्हा ते जसे बसले होते तसेच बसून होते. दोरी तिने एकाच खुंटाला बांधली होती, पण तिला वाटले, तिचा पीळ या प्रत्येकाच्या पायात पडला आहे. आणि मग असेही वाटले की तो आजच पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजीमामा बाहेर आला तेव्हा सावेरी अंगणात बसून शेला फाडत होती. दूरदेशीच्या गुरुजनांनी निरोप देताना तिच्या खांद्यावर घातलेला, जास्वंदीसारखा लालभडक शेला.

"अगं, मानाचा ना तो?"

"मानाचाच. धुक्यातून लांबवर दिसतो हा."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मामा, तुम्ही आलं का म्हणून विचारायचात. नाही आलं तर पुढं. आणि आलं असलं तरी ते पायरीवर बसून असायला हवेत. म्हणजे तुम्ही फिरत होतात, ते अडकलेले होते."

"मग?"

"मग मी ते विचारणारच नाही," ती म्हणाली, आणि पट्ट्यांचा गठ्ठा काखेत मारून होडीत चढली.

भट्टीवरून निखारे घेऊन ती गोदीच्या घाटाला आली. बोटाएवढे पिल्लू शेगडीजवळ होते. त्याची छाती हलत होती, फार हळू.

"श्वास आहे," गोदी म्हणाली. "दूध घेत नाही."

सावेरीच्या हाताने आपोआप दोरी उचलली. खुंट हाताच्या अंतरावर होता. इथे बसावे, ते पिल्लू तोंड उघडेपर्यंत डोळे त्याच्यावरून काढू नयेत, याशिवाय तिला जगात दुसरे काही नको होते. तिने दोरी होडीत टाकली.

"गोदी, ते दूध प्यायलं की मी काय करू?"

"म्हणजे?"

"प्यायलं की ही पट्टी घाटावरच्या काठीवर चढव. मला कुठूनही दिसेल. आल्यावर मी काय करायचं ते आत्ताच सांगून ठेव. आणि ही दुसरी शेगडीसाठी. निखारे मंदावायला लागले की लगेच चढव, विझेपर्यंत थांबू नकोस."

गोदीने पलीकडच्या कमळपानाकडे पाहिले. "प्यायलं तर त्या दाजिबाला सांग, आता खुशाल बोंबल. पिल्लं झोपावीत म्हणून काल रात्रीपासून मी त्याला दम देऊन ठेवलाय. बघ कसा फुगलाय." आणि ती जवळजवळ हसली.

सावेरीने वल्हे मारले. मागे वळून पाहायचे नाही हे तिने ठरवले होते, तरी तिने पाहिले. घाट धुक्यात गेला होता.

घाटाघाटाला तिने एक लाल पट्टी दिली आणि तोच एक प्रश्न विचारला. ससा म्हणाला, बियाणं आलं की पट्टी चढवून जातो, पोतं घाटावरून उचलून थेट बांधावर टाक, मी शेतात असेन. आणि हे बोलल्यावर त्याचे त्यालाच नवल वाटले. खारीचा निरोप इतका लांब होता की तिला तो दोनदा आखूड करावा लागला.

अनसाबाईने तिला पाहून पायरीवरची जागा आधीच झटकून ठेवली होती. सावेरी उतरली नाही.

"अनसाबाई, भोपळा आला की लेकीला काय सांगू?"

अनसाबाईचे काटे एकदम उभे राहिले आणि हळूहळू खाली बसले. इतक्या काळात तिला आलं का असे सगळ्यांनी विचारले होते. हे कुणी विचारले नव्हते.

"सांग," ती म्हणाली, "कवठाला मी दात लावलेला नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं तिला कळतं." मग तिने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "पण मी आत असताना भोपळा आला तर?"

"दगडावर आपटेल की. आतून नाही ऐकू येणार?"

"येईल," अनसाबाई म्हणाली, जणू हे तिला आजच समजले. "आतूनही येईल."

फेरी पुरी करून सावेरी पुन्हा वळली तेव्हा धुक्यात दूरवर एक लाल ठिपका हळूहळू वर चढताना तिला दिसला. तो गोदीच्या घाटाचा होता, दोनांतली कुठली पट्टी ते इतक्या लांबून कळत नव्हते. पण त्याच्या अलीकडे आणखी एक लाल ठिपका होता. सावेरीने आधी अलीकडच्या घाटाला होडी लावली, तिथले सशाचे पोते उचलून बांधावर टाकले, पट्टी उतरवली आणि मग ती पुढे गेली.

गोदीने नुसते बोट दाखवले. बोटाएवढ्या पिल्लाच्या ओठाला दुधाचा थेंब होता.

सावेरी कमळपानाकडे वळली. "दाजिबा, गोदीचा निरोप आहे. खुशाल बोंबला."

त्याने आधी गाल फुगवले, घसा साफ केला, आणि मग जो आवाज काढला तो धुक्यात विरघळला नाही. तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो पाण्यावरून लोळत गेला.

त्या आवाजातच होडी पुढे निघाली. अनसाबाईच्या घाटावर काठी मोकळी होती. सावेरीने होडी वळवली नाही, जाता जाता फक्त बघितले. पायरीवर कुणी नव्हते. घरामागून, जिथे कवठ होते तिकडून, आळे करताना माती उकरावी तसा आवाज येत होता. सगळी पायरी धुक्याने ओली होती, आणि तिच्या मध्यभागी, दगड खोलगट झाला होता तिथे, एक कोरडी गोल जागा होती. धुके तिच्यावर आत्ता कुठे उतरू लागले होते.