सरळ झालेली रायफल

बंदुका बोलायच्या आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट. खडकेवाडीच्या बाबासाहेब इंगवल्यांकडे बारीक गोळीची एक जुनी रायफल होती. दर खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली की बाबासाहेब गावासमोर नारळावर नेम धरत. नेम चुके. "बंदूक म्हातारी झाली," ते म्हणत. लोक माना डोलवत आणि रायफल शरमेनं अर्धमेली होई.

शेवटी दुरुस्तीचा हट्ट तिनंच धरला. बंदुका दुरुस्त करणाऱ्या हुसेन मिस्त्रींनी नळी साफ केली, घोडा हलका केला, नळीच्या टोकावरची, नेम धरायची वाकडी माशी सरळ केली. मिस्त्रींनी पाच गोळ्या झाडल्या, पाच काडेपेट्या उडाल्या.

बंदूक दुरुस्त झाल्याची बाबासाहेबांनी गावभर दवंडी पिटवली. खंडेनवमीला नारळ जागचा हलला नाही. मागच्या भिंतीचा गिलावा तेवढा पडला. या वेळी गाव बंदुकीकडे नाही, बाबासाहेबांकडे बघत राहिलं.

दुसऱ्याच दिवशी ते मिस्त्रींच्या दारात उभे. "हिला पहिल्यासारखी करा."

"पण मी आता सरळ मारते," रायफल म्हणाली.

"तेच तर बिघडलंय."

मिस्त्रींनी माशी पुन्हा वाकवली. पुढच्या वर्षी नेम चुकला, गाव समाधानानं घरी गेलं, आणि पूजेतला सगळ्यात मोठा झेंडूचा हार रायफलीच्या गळ्यात पडला.