दोन पायऱ्यांचं संपादन

"सून मुकीच मिळाली तुम्हाला, केरबा. बरंच झालं म्हणा, घरात कागदावरून वाद घालणारं कुणी नसावं."

घरमालक आबासाहेब टिपरे हे माझ्या सासऱ्यांना सांगत होते आणि मी पडद्यामागे चहा गाळत होते. पुढं आमचं सलून, मागं आमचं घर, मध्ये एवढाच पडदा.

रस्ता रुंद करायला नगरपालिकेनं सलूनसमोरच्या दोन पायऱ्या संपादन केल्या होत्या. तेवढ्यावरून आबासाहेब खुर्चीत रेलून, तोंडाला साबण लावून घेत भाडेकरारातलं कलम म्हणून दाखवत होते. "'सरकारनं जागा संपादन केल्यास करार आपोआप संपेल.' संपला! महिन्याच्या आत दुकान आणि घर, दोन्ही रिकामं करा."

मामंजींचा वस्तरा हातातच थांबला. "तीस वर्षं झाली, आबासाहेब. दोन पायऱ्यांपायी आम्ही जायचं कुठं?"

"ते सरकारला विचारा! थोडं गेलं काय नि सगळं गेलं काय, कायद्याला सारखंच. आणि हो, मिशीची टोकं जरा कमी करा."

मामंजींनी दोन्ही टोकं कापली. मी चहा घेऊन बाहेर आले, कप आबासाहेबांपुढं ठेवला आणि फरशीवरचे केस झाडूनं गोळा केले.

"काका," मी म्हटलं, "पायऱ्या गेल्या, तर करार पायऱ्यांपुरता संपला. तसं नसेल, तर तुमच्या मिशीची टोकं आत्ताच आम्ही घेतलीत, म्हणजे अख्खं तोंड आमचं झालं. ते आधी मिटा."