खडूचे चौदा गोल

एकदा एका तालुक्याच्या गावी एक सज्जन गृहस्थ आपली मोटार भाड्याने द्यायला निघाले, आणि तीन आठवडे उलटले तरी तिला एकही गिऱ्हाईक मिळेना. गाव गडहिंग्लजच्या बाजूचे. गृहस्थांचे नाव सुधाकर मेंगाणे, कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. गृहस्थ म्हटले तरी वय जेमतेम पंचेचाळीस, तेव्हा आपण त्याला एकेरीच म्हणू. त्याच्या गुरूंनीही त्याला कधी अहोजाहो केले नाही.

मोटार त्याने हौसेसाठी घेतली नव्हती. त्याच्या आईचे गुडघे गेले होते. तिची थोरली बहीण नदीपलीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेली, आणि एसटीची पायरी आईला चढवत नव्हती. मोटार आली तशी आई दर रविवारी बहिणीकडे जाऊ लागली. दोघी म्हाताऱ्या एका ताटात जेवायच्या, साठ वर्षांपूर्वीच्या एका इरकली लुगड्यावरून भांडायच्या, आणि निघायची वेळ झाली की एकमेकींचे हात सोडायला तयार नसायच्या. एवढ्यासाठीच ती गाडी होती. उरलेले सहा दिवस मात्र ती अंगणात उभी राही आणि उभ्या उभ्या खर्च मागे. त्यात मुलगी त्याच वर्षी शिकायला बाहेरगावी गेली. सुधाकरची बायको विजयमाला मोठी विचारी बाई. तिने सरळ सांगितले, "दिवाळीपर्यंत गाडीनं आपलं आपण भागवलं तर ठेवू. नाहीतर विकू. आईंना मी सांगते, तुम्हाला ते जमायचं नाही." तिच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती, म्हणून सुधाकरला ते जास्त लागले.

मग त्याने मोटार एका ॲपवर नोंदवली. लोक आपली गाडी तिथे दाखवतात, ज्याला गरज असेल तो ती एक-दोन दिवसांसाठी नेतो, स्वतः चालवतो आणि परत आणून देतो. छायाचित्रे काढताना सुधाकरने जे केले ते तुम्ही-आम्हीही केले असते. गाडी धुतली, पॉलिश केली, झेंडूचा हार घातला आणि डावी बाजू भिंतीकडे करून उभी केली, कारण डाव्या दरवाजावर हातभर लांबीचा ओरखडा होता. आसनांवरचे प्लॅस्टिक चार वर्षांनंतरही निघालेले नव्हते. वर लिहिले, 'अगदी नव्यासारखी'. खाली लिहिल्या सूचना, एकंदर अठरा. गाडीत खाऊ नये. चिखलाच्या चपला घालून बसू नये. दार आपटू नये. काच अर्ध्याच्या खाली करू नये. अठरावी सूचना अशी होती: गाडी परत करताना कोणतीही खूण आढळल्यास ती नेणाऱ्यानेच केली असे समजण्यात येईल.

ही ओळ सुचायला त्याला कष्ट पडले नाहीत. प्रयोगशाळेत बावीस वर्षे त्याचा हाच नियम होता. काचेचा चंबू तडकलेला सापडला, की शेवटी ज्याच्या हातात होता त्याच्या नावावर तो जाई. सुधाकर दुष्ट नव्हता हो; शिस्तीचा होता. शिस्तीच्या माणसाला आपण कोणावर अन्याय करतो हे सहसा कोणी सांगत नाही, एवढेच.

तीन आठवड्यांत एक माणूस गाडी बघायला आला. त्याने भोवती एक फेरी मारली आणि विचारले, "नव्यासारखी म्हणता. पण समजा, ओरखडा पडला तर?"

"पडणार नाही अशा बेतानं चालवा," सुधाकर म्हणाला.

"कळवतो," माणूस म्हणाला. आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक आहे. सुधाकरने भाडे दोनदा उतरवले. तरीही काही नाही. दसरा झाला, दिवाळी वीस दिवसांवर आली, आणि आई विचारू लागली, "औंदा भाऊबीजेला अक्काकडं मुक्कामाला जाऊ या काय रं?" सुधाकर उठला आणि इलाहीचाचांकडे गेला.

इलाही शिकलगार म्हणजे गावातले जुने जाणते. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी ताशी भाड्याने सायकली दिल्या. अर्धे गाव त्यांच्या सायकलींवरून पडून शिकले, त्यात सुधाकरही होता, आणि तेव्हापासून तो त्यांना गुरू मानी. आता दुकानाच्या जागी मुलाने मोबाइलचे दुकान थाटले होते आणि चाचा त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. सुधाकरने सगळी हकीकत सांगितली आणि विचारले, "चाचा, तुम्ही जन्मभर हाच धंदा केला. पहिलं गिऱ्हाईक यायला काय करू? भाडं आणखी उतरवू?"

चाचा म्हणाले, "त्या सूचना वाच बघू."

सुधाकरने अठराच्या अठरा वाचल्या. चाचा डोळे मिटून ऐकत राहिले. अठरावी ऐकल्यावर डोळे उघडले आणि म्हणाले, "सकाळी येतो. गाडी धुऊन ठेव. आन् कॉलेजातनं खडू आन दोन."

"खडू?"

"पांढरा आन. गाडी तांबडी हाय न्हवं तुझी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. चहाला नको म्हणाले आणि खडू घेऊन गाडीपाशी उकिडवे बसले. पुढच्या बंपरवर बोटभर पोचा होता. त्यांनी विचारले, "ह्ये कशानं?" सुधाकर म्हणाला, "फाटकाचा खांब." चाचांनी पोच्याभोवती पांढराधोप गोल काढला. मग चाकाच्या वर पत्र्यावरची खूण. "ह्ये?" "म्हशीनं शिंग घासलं." गोल. छपरावरचा खळगा. "नारळ पडला." गोल. मागच्या दिव्याची चीर. इथे सुधाकर घुटमळला, तेव्हा विजयमाला दारातूनच म्हणाली, "ती मी. शिकताना." गोल. आणि शेवटी चाचांनी गाडी भिंतीपासून पुढे घ्यायला लावली आणि डाव्या दरवाजावरच्या हातभर ओरखड्याभोवती हातभर लांबीचा लंबगोल काढला. एकंदर चौदा. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले आणि हसू लागले. कालपर्यंत चकचकणारी गाडी देवी आलेल्या पोरासारखी दिसू लागली होती.

चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "आता एकेकाचा फोटू काढ आन् त्ये पयले लाव. हाराचा मागनं. 'नव्यासारखी' खोड. त्या अठरा सूचना बी खोड, आन् तिथं एकच लिव, ह्या चौदा खुणा आमच्या हायत."

सुधाकरचा संयम सुटला. लोकांसमोर शोभा झाली होती, आणि दिवाळी डोळ्यांसमोर होती. तो म्हणाला, "चाचा, अहो, नासका आंबा कोणी पाटीत वर मांडतं का? उरलंसुरलं गिऱ्हाईकसुद्धा पळून जाईल!"

"उरलंसुरलं हाय कुठं?" चाचा म्हणाले आणि घरी गेले.

सुधाकर बराच वेळ धुसफुसत होता. पण गुरूची आज्ञा मोडायची त्याला सवय नव्हती, आणि विजयमालाने फोन आधीच हातात घेतला होता. चौदा छायाचित्रे चढली. जाता जाता तिने आसनांवरचे प्लॅस्टिकही फाडून काढले. हे चाचांनी सांगितले नव्हते. ती ते चार वर्षे मनात धरून होती.

तिसऱ्या दिवशी मागणी आली. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतेच बदलून आलेले डॉक्टर सोनटक्के यांना आईवडिलांना घेऊन दोन दिवस आजऱ्याकडे जायचे होते. किल्ली घ्यायला आले तेव्हा सुधाकरला राहवले नाही. त्याने विचारले, "डॉक्टर, ॲपवर याहून चांगल्या गाड्या होत्या. ही का घेतलीत?"

डॉक्टर थोडे संकोचले. मग म्हणाले, "मागे एका गावी अशीच गाडी घेतली होती. परत करताना मालकानं जुना पोचा माझ्या नावावर घातला. भरून दिलं मी, त्याचं काही नाही. पण वडील शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर मला खोटारडा म्हणाला तो माणूस. त्यानंतर वडील म्हणायचे, एसटीनं जाऊ बाबा, पण दुसऱ्याची गाडी नको. तुमचे फोटो मी त्यांनाच दाखवले. बघून म्हणाले, ह्या माणसाकडनं घे."

डॉक्टर गाडी घेऊन गेले. सुधाकर पेढे घेऊन तडक चाचांकडे गेला आणि म्हणाला, "मला कळलं असं वाटतंय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

चाचांनी पेढा हातात धरून ठेवला. म्हणाले, "सुधाकर, आंबा नेनारा आंबा खातो. परत आनून देत न्हाई. गाडी परत आनून द्यायची असती, तवा तिचा हिशेब येगळा. तुला वाटलं, भ्या एकट्या तुलाच हाय. आपली वस्तू परक्याच्या हातात द्यायची, म्हनून तू अठरा सूचना लिवल्यास. पर तुझ्यापरास जास्ती भ्या त्या परक्याला असतं रं. नेताना वस्तू धड हुती का न्हाई, ह्ये त्याला ठावं नसतं, आन् परत देताना त्याचं खरं कोन धरनार? पयलं गिऱ्हाईक गाडी बघत नसतं. ह्यो मालक उद्या आपल्याला काय म्हनंल, त्ये बघत असतं. तू गाडीची डावी बाजू भिताडाला लावलीस, आन् त्यानं तेवढंच बघितलं."

चाचांचा आवाज जरा उतरला.

"मी बी ह्ये आईच्या पोटातनं शिकून आलो न्हाई. दुकान नवं हुतं तवाची गोष्ट. टपालात एक गोविंद पोतदार म्हनून हुता, गरीब मानूस. त्याच्या हातनं सायकल परत आली ती पायडल वाकलेली. म्या चारचौघांत बोललो त्याला. त्यानं दाम भरलं आन् त्यो गेला. रातच्याला माझाच भाऊ म्हनाला, पायडल माझ्या हातनं कालच वाकलं हुतं. सकाळी पैसं घिऊन म्या त्याच्या दारात गेलो. त्यानं घेतलं, चहा बी पाजला. पर परत सायकल न्हाई घेतली. बारा वर्सं माझ्या दुकानावरनं चालत हापिसात गेला, पायात वहाना झिजवत. रोज दिसायचा मला. त्या पायडलाच्या मागनं म्या पिवळा रंग आनला, आन् सायकल दारातनं भाईर पडायच्या आधी जिथं जिथं लागल्यालं असंल तिथं गोल काढला. हे आमचं, एवढं म्हनलं की निम्मं भांडान मिटतं. गिऱ्हाईक मागनं येतं, आधी त्याचा जीव थाऱ्यावर येतो."

असे म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला. सुधाकरने मात्र आपला पेढा परत पुड्यात ठेवला. बावीस वर्षांतले किती चंबू, किती नळ्या आणि किती पडलेले चेहरे त्याला आठवले असतील, ते तोच जाणे. त्या सोमवारी त्याने प्रयोगशाळेतले सगळे काचसामान विद्यार्थ्यांना देण्यापूर्वी उजेडात धरून पाहिले, आणि तडा होता तिथे स्वतः चिकटपट्टी लावली, असे मला तिथल्याच एका प्राध्यापकांनी सांगितले.

डॉक्टर ठरल्या वेळी परतले. गाडी धुऊन आणली होती. त्यांच्यासोबत त्यांचे वडीलही उतरले, धोतर नेसलेले, काठी टेकत. सुधाकर किल्ली घ्यायला पुढे झाला, तोच डॉक्टर म्हणाले, "जरा मागं या." त्यांनी वाकून मागच्या बंपरच्या खालची बाजू दाखवली. तिथे बोटभर खरचटले होते. वाकल्याशिवाय कोणाला दिसले नसते, आणि सुधाकर काही वाकणार नव्हता.

"ही माझी," डॉक्टर म्हणाले. "घाटात दगड लागला. काय होईल ते सांगा."

सुधाकरने क्षणभर मनात दुरुस्तीचा आकडा मांडला, हे खरे. गाडी त्याची होती. मग त्याचे लक्ष म्हाताऱ्या वडिलांकडे गेले. ते काठीवर दोन्ही हात ठेवून आपल्या मुलाकडे नाही, सुधाकरकडे पाहत होते.

"दगडाला काय करणार," सुधाकर म्हणाला. "आणि डॉक्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून मला कळलं. आत या, चहा घेऊ."

चहा झाला. वडिलांनी दुसरा कपही मागून घेतला. तिथेच बसून डॉक्टरांनी ॲपवर काय लिहिले ते विजयमालाने मोठ्याने वाचून दाखवले: मालक गाडीबद्दल खरे सांगतात. त्याखाली दोन नव्या मागण्या येऊन पडल्या होत्या, एक गुरुवारची आणि एक शनिवारची. तिने फोन खाली ठेवला आणि गाडी विकण्याचा विषय त्या घरात पुन्हा कधी काढला नाही.

निघताना डॉक्टर फाटकापाशी थांबले. "आमच्या आईला गाडी फार आवडली. या महिन्यात दोन रविवार मिळाली तर बघा. भाडं जास्त पडलं तरी चालेल."

"रविवार सोडून केव्हाही न्या," सुधाकर म्हणाला.

तीन आठवडे ज्याने एका गिऱ्हाइकाची वाट पाहिली होती, त्याने दिलेला हा पहिलाच नकार. आत आईने तो ऐकला, आणि भाऊबीजेला बहिणीकडे न्यायचे लुगडे काढायला ती हळूहळू उठली.