सतरा बरण्या आणि अभ्र्यांचं गाठोडं

सोनगिरीच्या रूपसेन महाराजांच्या डाव्या गालाची साल निघाली होती, आणि शिक्षा कुणाला करावी हेच त्यांना कळत नव्हतं!

झालं होतं असं. पन्नाशीच्या तोंडावर महाराजांना आरशात डोळ्यांखाली दोन सुरकुत्या दिसल्या. उभ्या जन्मात तोंडाला पाण्यापलीकडे काही न लावलेला हा माणूस; पण त्याने दवंडी पिटवली, तारुण्य परत आणणारा लेप पाहिजे! गुळाचा वास लागल्यावर मुंगळे यायला कितीसा वेळ? सतरा वैद्य सतरा बरण्या घेऊन आले आणि अतिथीशाळेत श्रीखंडपुरी चापत बसले. कुणाचा लेप केशराचा, कुणाचा मंजिष्ठेचा, कुणाचा म्हणे हिमालयातल्या चिखलाचा. यातला निवडायचा कुठला? महाराजांनी अक्कल चालवली. एकाच सकाळी तीन लेप एकावर एक थापले! दुपारी गाल भोपळ्यासारखा टरारून फुगला. घात कुठल्या लेपाने केला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तिघे वैद्य एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे झाले.

महाराजांनी तोंड पुसलेला पंचा नदीवर ठकू परटिणीकडे धुवायला गेला. दगडावर आपटताच त्याला हे एवढं भोक पडलं. ठकूने ते भोक सगळ्या घाटाला दाखवलं.

"बघा गं बायांनो! नवं लुगडं धुवायला आलं, तर आपून आधी आतल्या काठाचा कोपरा भिजवून रंग जातो का ते बघतो. आन् हा राजा आख्खं थोबाड एकदम तीन रंगांत बुडवतो!"

चहाड्यांना पाय असतात. दुसऱ्या दिवशी ठकू दरबारात उभी होती आणि महाराज गालावर शेला धरून सिंहासनावर धुमसत होते.

"फार कळतं ना तुला? मग तूच निवड! या सतरांतला खरा लेप कुठला, ते उद्या सकाळी सांगायचं. बरणी उघडायची नाही, वास घ्यायचा नाही आणि माझ्या तोंडाला बोट लावायचं नाही. चुकलीस तर घाटावरचा तुझा दगड उचलून डोहात टाकीन. मग जा परमुलखात!"

त्या दगडावर ठकूच्या सासूने कपडे आपटले होते, सासूच्या सासूनेही आपटले होते. दगड गेला की चूलही गेली. पण भीती पोटात ठेवून तिने विचारलं, "वैद्यबुवांस्नी एक इचारू का, सरकार?"

"विचार."

"आपापला लेप तुमी सोता लावता का?"

सतरा छात्या एकदम फुगल्या. त्यांचा म्होरक्या कांतिभूषणशास्त्री पुढे सरसावला. "म्हणजे काय! रोज झोपताना लावतो. तीस वर्षांत एक रात्र चुकलेली नाही. ही कांती काय उगाच आहे?"

"आम्हीसुद्धा! आम्हीसुद्धा!" बाकीचे सोळा ओरडले.

"झालं माझं," ठकू म्हणाली आणि चालती झाली.

सकाळी ती डोक्यावर गाठोडं घेऊन आली. दरबारात फरशीवर तिने ते सोडलं. आत सतरा उशांचे पांढरे अभ्रे!

"अतिथीशाळेचं धुणं माझ्याकडंच येतं, सरकार. आठ दिसांचे हे अभ्रे कालच आले. अजून पाण्यात घातल्याले न्हाईत. कोपऱ्यात बिब्ब्याची खूण हाय, म्हंजे कुनाचा कुठला ते म्या डोळं झाकून सांगते. आता बघा, केशराचा डाग कुठं दिसतोय? मंजिष्ठेचा? हिमालयातल्या चिखलाचा?"

महाराजांनी शेला खाली ठेवला. अभ्रे उलटेपालटे केले. ना पिवळा डाग, ना तांबडा, ना चिखलाचा ठिपका!

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" ठकू म्हणाली. "पर अगदीच कोरडे न्हाईत. नाकाशी धरा, सरकार. अभ्र्याचा वास घेऊ नको, असं कुटं ठरलं व्हतं?"

महाराजांनी पहिला अभ्रा हुंगला, दुसरा हुंगला, तिसऱ्याला थांबले. "हे तर साजूक तूप!"

"सतराच्या सतरांवर! बरोब्बर गाल टेकतो तिथं!"

कांतिभूषणाच्या टकलावर घाम आला. "महाराज, ते... ते जेवताना सांडलं असेल!"

"का वो शास्त्रीबुवा, उशीवर पान वाढून जेवता का?"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवांना तोंड लपवायला आपली बरणीसुद्धा पुरेना.

ठकूने पदराआडून छोटी वाटी काढली. "ही घ्या अठरावी, सरकार. सतरा जाणत्या वैद्यांनी सोताच्या तोंडासाठी एकमतानं निवडलेला लेप! तुमच्याच मुदपाकखान्यातला. त्यांच्या पानातला रोज ह्योच चोरून गालाला जात हुता!"

महाराजांनी लगेच वाटीत चार बोटं बुडवली.

"हां हां! आधी आतला काठ!" ठकू ओरडली. "कानामागं एक ठिपका लावा. तीन दिस गप बसा. काय झालं न्हाई, तर मग गाल!"

राजावर ओरडली! महाराजांनी तीन बोटं निमूटपणे पुसली, चौथं कानामागे टेकवलं, आणि असे गडगडून हसले की सोललेला गाल झोंबून डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात. हसताना सुरकुत्या दोनाच्या वीस झाल्या, पण त्या मोजायला आता आरसा कुणी मागितला?

वैद्यांना त्याच पावली वेशीबाहेर काढलं. घाटावरचा दगड ठकूच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या बहाल झाला, वर एक जरीकाठी लुगडं.

"आणखी काही मागून घे!" महाराज डोळे पुसत म्हणाले.

"त्या सतरा बरण्या द्या, सरकार."

"त्या? तू लावणार तोंडाला?"

"आता गं बया! माझं तोंड काय वाटेवर पडलंय?" ठकू म्हणाली. "पंच्याला भोक पाडत्यात, म्हंजे तुमच्या न्हाणीघरातला काळा पडलेला बंब लख्ख निघंल!"