शाईची पारख

एकदा एक शिष्या शाईच्या बाटल्यांमध्ये अशी अडकली, की लिहायचं तेवढं राहून गेलं.

खाडीकाठच्या गावातली बाई. वय पस्तिशीचं, म्हणजे लहान पोर नव्हे. तिची आई त्या भागातली धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी गाणी म्हणावी लागतात, ते धवले म्हणणारी. तिच्याशिवाय मांडवातलं पान हलत नसे. सगळं तोंडपाठ, कागदावर एक ओळ नाही. आणि आता म्हातारी विसरायला लागली होती. आज एक कडवं जाई, उद्या दुसरं. तिच्यामागे ते गाणारं कुणी नव्हतं.

त्याच गावात एक वृद्ध बाई राहत. जन्मभर त्यांनी बायकांना अक्षरं शिकवली. सगळे त्यांना मावशी म्हणत. या शिष्येच्या अक्षरालाही वळण त्यांनीच लावलेलं. मावशी तिला म्हणाल्या, "रोज भावाच्या घरी जा, आईपाशी बस, ती म्हणेल ते लिही. रोजचं लिहिणं आहे हे, सणावाराचं नाही."

"होय मावशी. शाईचं पेन घेते चांगलं. टिकायला हवं ना."

इथंच सगळं अडलं.

तालुक्याच्या दुकानातून तिनं निळी शाई आणली. दिसायला सुंदर, पण उन्हात ठेवलेला कागद फिका पडला. मग काळी आणली. तर म्हणे, शुभकार्याची गाणी काळ्यात कशी लिहायची? लाल आणली, ती मास्तरांनी चुका काढल्यासारखी दिसली. हिरवी साहेबाच्या सहीची. जांभळी सरकारी शिक्क्याची. निळी-काळी आणली, ती पाण्यालाही दाद देईना. पण ओली असताना एक रंग आणि वाळल्यावर दुसरा. हिचा काय भरवसा, म्हणून तीही बाजूला.

दुकानदारानं एकदा विचारलं, "ताई, एवढं काय लिहिता हो?"

"अजून सुरुवात नाही केली."

"मग ही मोरपंखी न्या. सुरुवातीला फार छान." व्यापारीच तो. त्याचं काय चुकलं?

घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली. तिच्यावर चिमट्यांनी कागद टांगलेले. काही उन्हाच्या परीक्षेला, काही पाण्याच्या. आणि प्रत्येक कागदावर काय? श्री. पेन चालतं का बघताना आपण काढतो ना, तेच. निळं श्री, तांबडं श्री, हिरवं श्री. शेजारीण डोकावून म्हणाली, "काय गो, पताका लावल्यास? मग गणपतीच बसव आता."

एका संध्याकाळी मावशी काठी टेकत आल्या. गुडघे धरून खाली बसल्या, पाणी प्यायल्या. दोरीवरचे कागद त्यांनी एकेक करून वाचले. वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळे वाचले.

"मग? ठरली का?"

शिष्या थकली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. "नाही हो मावशी. प्रत्येकीत काहीतरी खोट निघते. आता तर मला सगळ्या सारख्याच दिसायला लागल्यात."

"रिकामं भांडं दे एक."

तिनं पातेलं दिलं. मावशींनी एकेक बाटली उघडली आणि त्यात ओतली. निळी, काळी, लाल, हिरवी, जांभळी, ती मोरपंखीसुद्धा.

"अहो मावशी! काय करताय हे! वेड लागलं का तुम्हाला?"

मावशींनी चमच्यानं ढवळलं. खरकटी भांडी विसळलेल्या पाण्यासारखा रंग झाला. त्यातली शाई त्यांनी पेनात भरली, टोपण लावलं आणि पेन तिच्या हातात ठेवलं.

"चल."

"हा काय रंग झाला? याला नाव तरी आहे का?"

"नाही. आता कशाशी ताडून बघशील?"

"आणि अशा शाया एकत्र केल्या की गाळ बसतो. निब बंद पडते."

"बंद पडेपर्यंत लिही."

दोघी निघाल्या. भावाच्या घराच्या पायरीशी आल्यावर शिष्येचा पाय उचलेना. म्हणाली, "मावशी, उद्या आले तर? आज उशीर झालाय."

मावशी पायरीवरच टेकल्या. त्याही दमल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बाय, माझं एवढं ऐक, मग हवं तर परत फिर. पाडव्याला तू आईला जेवण घेऊन आलीस. तिनं तुला विचारलं, 'कोणाची गो तू?' मी इथंच बसले होते. त्यानंतर तुझ्या घरात बाटल्या जमायला लागल्या. शाई वाईट नव्हती. रंग पसंत पडला असता, तर तुला तिच्यासमोर जाऊन बसावं लागलं असतं. म्हणून तो पसंत पडत नव्हता. माणसाला दुःखाकडे जायचं नसलं की तो वाटेत पारख करत बसतो. आणि कष्ट खरे करतो, दमतो खरा, त्यामुळे आपण पळतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही."

शिष्या रडली नाही. तिनं भिंत धरली. मग म्हणाली, "तिनं पुन्हा तसंच विचारलं तर?"

"विचारेल. तू सांग."

ती आत गेली. आई खाटेवर बसली होती. तिनं विचारलंच, "कोणाची गो तू?"

"तुझीच."

"असशील. एवढ्या पोरी येतात." म्हातारीनं तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "काय लिवायला आलीस?"

"धवले."

"लिवून कुणी धवलारीण झालंय काय? म्हण माझ्यामागं."

म्हातारीनं हळदीचा धवला धरला. आवाज चिरका, पण चाल पक्की. तिसऱ्या ओळीशी ती थबकली, इकडंतिकडं बघू लागली. ओळ सापडेना. शिष्येनं कागदावर तेवढी जागा कोरी सोडली आणि म्हटलेल्या दोन ओळी तशाच, भीत भीत म्हणून दाखवल्या. जन्मात ती कधी गायली नव्हती.

म्हातारीनं खाटेवर चापट मारली. "अगो, एवढ्या वर नको चढू! लगीन आहे, भांडण नाय. परत म्हण."

तिनं परत म्हटलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात असं कुणी बसून असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आधी तिकडे जा.