गणंग दाणा

एकदा एक तरुणी रक्ताच्या कर्करोगाची विद्या दूरदेशी शिकून आपल्या गावी परतली आणि एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागली. इथे औषधांचा तुटवडा असेल, तो आपण जिद्दीने दूर करू, असे तिला वाटले होते. औषध तर होते. एका रोग्याला मात्र गुण टिकत नव्हता. यामागे कोणाची तरी लबाडी आहे, हा संशय तिच्या मनात घर करून बसला.

रोगी होते मांढरे, मिसळीचे दुकान चालवणारे. त्यांना टोचले जाणारे औषध बिघडलेल्या पेशींना नुसते मारत नसे. वाढ आवरण्याचे जे शहाणपण त्या पेशींच्या आत कुलूपबंद झाले होते, ते पुन्हा उघडत असे. सुरुवातीला मांढरे चांगले सुधारले, गल्ल्यावर जाऊन बसू लागले. मग आजार उलटला.

तिने औषध तपासून घेतले. ते शुद्ध निघाले, तरी तिचे समाधान होईना. औषध पुरवणारा व्यापारी रोज वृद्धांबरोबर चहा घेई, तेही तिला खटकू लागले. शेवटी तिने मांढऱ्यांनाच गाठले.

"खरं सांगा काका, औषध चुकवता ना?"

"ताई, सुई तुम्हीच टोचता," मांढरे म्हणाले. "चुकवून ठेवू कुठं? उशीखाली?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. ती तडक वृद्धांकडे गेली. "सर, मात्रा दुप्पट करू या. आणि त्या व्यापाऱ्याची चौकशीही."

वृद्धांनी मांढऱ्यांच्या घरून मूठभर मटकी मागवली आणि तिच्या हाती ठेवली. "आधी ही भिजत घाला."

आपल्या व्यापारी मित्राला वाचवायला म्हातारा वेळ काढतो आहे, असे तिच्या मनात आले. तरीही तिने मटकी भिजवली. सकाळी दाणे टपोर फुगले होते. तळाशी काही मात्र खड्यासारखे कडक.

"पाणी दुप्पट करा," वृद्ध म्हणाले.

संध्याकाळपर्यंत फुगलेली मटकी आंबली, पाण्याला वास सुटला. कडक दाणे होते तसेच.

"दुकानात हे केलं असतं," मांढरे नाक धरून म्हणाले, "तर बायकोने मलाच भिजत घातलं असतं."

वृद्धांनी एक कडक दाणा उचलला. "हा गणंग. पाणी खोटं नव्हतं, भिजवणारीची चूक नव्हती. याची सालच पाणी आत घेत नाही. पेशीचंही तसंच. हे औषध पेशीच्या भिंतीतल्या ठरावीक दारांतून आत जातं. ज्यांची दारं उघडी होती, त्या पेशी वठणीवर आल्या. ज्यांची मिटलेली, त्या मागे उरल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली, असं झालं असेल. आता मात्रा वाढवली, तर नासतील त्या चांगल्या पेशी."

"असेल म्हणजे? तुम्हालाही खात्री नाही?"

"नाही. पण तुम्ही औषध तपासलंत, व्यापाऱ्यावर नजर ठेवलीत, मांढऱ्यांना जाब विचारलात. पेशीच्या आत औषध किती पोचलं, ते कुठं पाहिलंत? संशय घ्यावाच; तुमचा मात्र दाराबाहेरच घुटमळला."

एवढे बोलून त्यांनी तो दाणा पायरीच्या दगडावर घासला आणि ताज्या पाण्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा घासलेला दाणा फुगला होता. मात्रा वाढवायची नाही, असे तिने ठरवले. आधी मांढऱ्यांच्या पेशींत औषध किती शिरते ते मोजायचे. शिरत नसेल, तर दुसऱ्या वाटेने जाणारे औषध शोधायचे.

ती खाटेपाशी गेली. "काका, तुमच्यावर उगाच आळ घेतला. चुकले. तपासणीला थोडं रक्त हवंय."

मांढऱ्यांनी बाही वर सारली. "घ्या की. पण नासवलेली मटकी भरून द्या."